एक हजार नवांची फौज

चिंचगडचे राजे भैरोजीराव शकुन-अपशकुनाचे भारी वेडे. एका दसऱ्याला त्यांनी मैदानात घोड्यावरून हुकूम सोडला, "फौजेच्या सारख्या रांगा लावा. जो उरेल तो अपशकुनी. त्याला राज्याबाहेर घालवा!"

फौज होती एक हजार नऊ जणांची. सातासातांच्या रांगा लावल्या, तर शेवटी शिंग फुंकणारा म्हातारा कान्हू एकटाच उरला. आठाआठांच्या लावल्या, तरी तोच उरला. नवानवांच्या लावल्या, बाराबारांच्या लावल्या. प्रत्येक वेळी कान्हूच!

शिपाई कुजबुजू लागले. घरी कान्हूच्या बायकोची दृष्टी गेलेली. या वयात तिला घेऊन जायचं कुठे? तो बोटांवर भराभर मोजू लागला. पाच, अकरा, तेरा... कशानेच पुरा भाग जाईना. तेव्हा त्याला उमगलं, खोट आपल्यात नाही, हा आकडाच वाटला न जाणारा आहे.

"हाकला त्याला!" राजे गरजले.

कान्हू पुढे आला. "जातो, महाराज. पण रांगेबाहेर मी एकटाच कुठे आहे? आपणही बाहेरच आहात. मग आपल्याला काय म्हणायचं?"

राजांचा हात तलवारीवर गेला.

"आपण रांगेत या, महाराज," कान्हू घाईने म्हणाला. "दहादहांच्या एकशे एक रांगा होतील. कोणीच उरणार नाही."

राजे घुटमळले, मग घोड्यावरून उतरले. दहादहांच्या रांगा लागल्या, तेव्हा शेवटच्या रांगेत कान्हू धरून नऊच जण होते. दहावे राजे, कान्हूच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.