सटवाजीच्या तोंडातली सुपारी

माणदेशातल्या सणगरवाडीत घोंगडीच्या काठावर एक वीण असते. तिला कणीस म्हणतात. काळ्या लोकरीतून पांढऱ्या धाग्याचे बारीक फेरे वर उठलेले असतात. हात फिरवला तर ज्वारीचे भरलेले कणीस लागावे तसे लागते. ही वीण शिकवणारा माणूस तोंडात अख्खी सुपारी धरून बसतो. त्याने तेव्हा बोलायचे नसते. पाहुणे कारण विचारतात, आणि गावातल्या वयोवृद्ध धोंडाबाई मागाशेजारच्या ओट्यावर टेकून ही हकीकत सांगतात.

फार पूर्वी ही वीण एकट्या सटवाजीला येत होती, असे सांगतात. दर जत्रेला बिरोबाला कणसाच्या काठाची नवी घोंगडी वाहायची, हा त्याच्या घराण्याचा नवस. एका वर्षी घोंगडी विणून होत आली, काठ तेवढा राहिला, आणि सटवाजीचा उजवा हात लुळा पडला. जत्रा तोंडावर आलेली. नवस मोडणार, आणि वीणही सटवाजीबरोबरच जाणार, हे साऱ्या गावाला दिसत होते.

शिकायला कुणी आले नव्हते असे नाही. पांढरा धागा बोटाने उचलून काडीवर चढवायचा, पुढचा धागा ठोकायचा आणि काडी अलगद ओढून घ्यायची, हे काम हलक्या हाताचे. सटवाजी मात्र शेजारी बसून ओरडायचा, "ओढू नको! ढिला सोडू नको! डोळं हायत का भोकं?" शिकणाऱ्याचा हात दचके, उठलेले फेरे खाली बसत आणि तो उठून जाई.

शेवटी त्याची पुतणी तानू मागापुढच्या, विणकराने पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरली. तोवर गावातल्या बायका फक्त लोकर कातत, मागावर बसत नसत. सटवाजी लगेच सुरू झाला. फेरे बसले. तानूने काडी खाली ठेवली.

"आबा, वीण शिकवताय का पाखरं हाकताय?"

"वडीलधाऱ्यांशी असं बोलत्यात व्हय गं?"

"तुमी बोलू नका, मग मीबी न्हाई बोलत."

तिने देवापुढची सुपारी उचलून त्याच्या डाव्या हातावर ठेवली. "ही तोंडात धरा. ओळ उभी ऱ्हाईपर्यंत काढायची न्हाई. न्हाईतर घोंगडी का न्हाई ते बिरोबाला तुमीच सांगा."

जमलेल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. सटवाजीने अर्धवट काठाकडे पाहिले आणि सुपारी तोंडात टाकली.

तानू चुकली. सटवाजीचे गाल फुगले, डोळे लाल झाले, पण शब्द निघाला नाही. बोलता येईना तेव्हा, म्हणे, त्याने पहिल्यांदाच हात पुढे केला. आपले डावे बोट तिच्या बोटाखाली धरून धागा किती उचलायचा ते दाखवले. आजवर ते त्याने कुणाला दाखवलेच नव्हते. नुसते सांगितले होते. तानू पुन्हा चुकली, बोट पुन्हा आले. मग एकदा काडी निघाली आणि फेरे उभेच राहिले.

सुपारी बाहेर आली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले होते, असे सांगतात. शब्द मात्र एकही सांडला नव्हता.

"आता बोलू का?" सटवाजीने विचारले.

"काठ पुरा होऊ द्या," तानू म्हणाली आणि दुसरी सुपारी पुढे केली. त्या जत्रेला बिरोबाच्या अंगावर नवी घोंगडी चढली.

आजही सणगरवाडीत पहिली ओळ उभी राहिली की शिकणारी मुलगी शिकवणाऱ्यापुढे तळहात धरते. सुपारी त्यावर पडल्यावरच त्याला बोलायची मुभा मिळते. हुशार मुली काठ संपेपर्यंत हात पुढे करत नाहीत.