घाटावरचं बिरडं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा घाटावरचे लोक सहसा खाली उतरत नसत आणि घाटाखालचे वर चढत नसत. लग्न झालेल्या लेकी तेवढ्या चढत आणि उतरत. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा जवळ सरका, कारण गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे.

अशीच एक लेक, सगुणा, घाटाखालून वरच्या एका गावात नांदायला आली. घर चांगलं होतं. कणग्या ज्वारीनं भरलेल्या होत्या. नवरा, म्हादू, शांत स्वभावाचा होता. सासू धुरपदाबाई कमी बोलायच्या, पण सुनेच्या ताटात भाकरी वाढताना कधी हात आखडत नसत.

त्या गावात एक रीत होती. धान्याला मोड आणायचे नाहीत, मोड आलेला दाणा घरात ठेवायचा नाही. कधी काळी ऐन सुगीत पाऊस आला होता. खळ्यावरच्या राशी भिजल्या, दाण्यांना मोड फुटले आणि वर्षभराचं धान्य कुजून गेलं. ती उपासमार पाहिलेलं कोणी आता उरलं नव्हतं, पण मोड म्हणजे अवकळा, एवढं मात्र सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

सगुणाला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तिनं मान हलवली आणि ती कामाला लागली.

पण दिवसेंदिवस तिचं जेवण कमी होत गेलं. म्हादूनं विचारलं, "काही दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली.

"कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? सगळे चांगले आहेत."

ते खरंच होतं. म्हणून तर सांगणं अवघड होतं. तिला वाटायचं, आपल्याला आईची आठवण येते. मग एकदा दळता दळता तिच्या लक्षात आलं की आठवण येते ती एका संध्याकाळची. माहेरी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आई, काकू, शेजारणी गोल बसायच्या. दाणा चिमटीत धरला की साल सटकन निघायचं. बोटं सुरकुतायची, अंगणभर वालांचा उग्र वास पसरायचा, आणि बायका एरवी जे कधी बोलत नसत ते त्या वेळी बोलायच्या. मग रात्री त्या वालांचं बिरडं व्हायचं आणि भाताबरोबर सगळे जेवायचे. इथे तिच्याशी सगळे बोलत होते, पण तसं कोणी बोलत नव्हतं.

निघताना आईनं तिच्या गाठोड्यात वालांची एक पुरचुंडी घातली होती. एके दिवशी सगळे खळ्यावर गेलेले असताना सगुणानं ते वाल भिजत घातले. दुसऱ्या दिवशी पाणी काढलं, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात ते घट्ट बांधले आणि चुलीमागच्या उबेला लपवून ठेवले. शिजवायचा तिचा विचारच नव्हता. एकदा मोड बघावेत, वास घ्यावा, एवढंच तिला हवं होतं.

वालांचा वास काही लपत नाही. सासरे न्याहारीला आले, त्यांनी नाक वर केलं, आणि वालांचं गाठोडं सापडलं. नेमकं त्याच सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि खळ्यावर रास उघडी पडली होती.

सासरे म्हणाले, "हिनं घरात मोड आणले आणि तिकडे ढग आले. म्हादू, हिला खाली सोडून ये. आणि ते उकिरड्यावर टाका आधी."

म्हादू मान खाली घालून उभा राहिला. धुरपदाबाईंनी गाठोडं उचललं आणि त्या मागच्या दारानं निघाल्या. सगुणा त्यांच्यामागे धावली.

"आत्याबाई, वाल टाकायचे तर टाका. फडकं तेवढं द्या. आईचं आहे."

धुरपदाबाईंनी गाठ सोडली. आत पांढरे, वळलेले मोड एकमेकांत गुंतून बसले होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उकिरड्याच्या कडेच्या दगडावर टेकल्या.

"तुमच्याकडे याचं काय करतात?" त्यांनी विचारलं.

सगुणानं आधी भीत भीत सांगितलं. मग सांगता सांगता तिची भीती गेली. कोमट पाणी, सालं, गोल बसलेल्या बायका, नारळाचं वाटण, आमसूल, सगळं तिनं सांगितलं.

"मीही बाहेरचीच आहे, पोरी," धुरपदाबाई म्हणाल्या. "नदीपलीकडची, रानातली. आमच्याकडेही आई मोड आणायची. मडक्यात घालायची, वर पानं झाकायची."

"कशाला मोड आणायच्या? मुगाला?"

धुरपदाबाईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. "बारीक दाणा होता. हिरवा होता की तांबूस, काय की. पानं कसली, तेही आठवत नाही." त्यांनी डोळे मिटून पाहिलं. "इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हे आपल्यात चालत नाही. मी गप्प बसले. पुढे कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. मला वाटत होतं, आत कुठेतरी ते जपून आहे."

सगुणानं त्यांचा हात धरला. सासूला असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. फारसा आवाज न करता त्या रडत होत्या.

मग धुरपदाबाई उठल्या, गाठोडं कडेवर घेऊन घरात गेल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही पोर कुठे जाणार नाही. धान्य भिजलं म्हणून त्याला मोड आले होते. मोड आले म्हणून काही पाऊस पडला नव्हता. तुम्ही दोघं आधी खळ्यावर जा आणि रास कडब्यानं झाका."

सासरे बायकोकडे बघतच राहिले. इतकं सलग बोलताना त्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग ते खळ्याकडे निघाले आणि त्यांच्यामागे म्हादू धावला. दुपारी पाऊस आला, थोडा बरसला आणि निघून गेला. रास कोरडी राहिली.

त्या दिवशी सासू-सुनांनी मिळून वाल सोलले. नारळ नव्हता म्हणून कारळाचं कूट घातलं, आमसुलाच्या जागी चिंच. सगुणानं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरले.

"आमच्याकडच्यासारखं नाही झालं," ती म्हणाली.

"नसू दे," धुरपदाबाई म्हणाल्या. "कसं असतं ते तुला आठवतंय ना? मग पुरे."

पुढे दोघी अधूनमधून काहीतरी भिजत घालत. कधी मूग, कधी मटकी, कधी कुळीथ. कधी पळसाची पानं झाकून, कधी वडाची. धुरपदाबाई चार दाणे तोंडात टाकत, थांबत, लांब कुठेतरी बघत आणि मान हलवत. एकदा कुळथाचा घास त्यांच्या तोंडात बराच वेळ राहिला. "जवळ आलं होतं," त्या म्हणाल्या. पण ते काही सापडलं नाही, आणि न सापडताच त्या गेल्या.

सगुणा म्हातारी होईपर्यंत त्याच घरात राहिली. तिच्या सुना आल्या, मग नातसुना आल्या. कुणी नदीपलीकडची होती, कुणी डोंगरातली. नवी सून आली की घरातली सगळ्यात थोरली बाई कामं बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसे आणि विचारी, "तुझ्या घरी काय करायचे गं? सगळं सांग." आणि पहिला आठवडा उलटायच्या आत त्या घरात ते शिजे. माहेरच्यासारखं ते कधीच होत नसे. तरी सून पोटभर जेवे.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या मनातली ओढ वेळेवर विचारावी, कारण फार उशीर झाला तर सांगायला त्यालाही ती आठवत नाही.