दोन खिट्यांची उचलणी

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक लोहार राहायचा. गाव म्हटलं की लोहार आलाच, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ह्या लोहाराला एक खोड होती. कुठलीही नवी गोष्ट दिसली की तिच्याभोवती फिरून ‘हे असं का?’ असं विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुत्रं बसायच्या आधी गोल का फिरतं? पाल भिंतीवरून पडत कशी नाही? गावानं त्याचं नाव चौकशीबुवा ठेवलं होतं. त्याची बायको म्हणायची, ह्यांना न्यायला यम आला तरी हे आधी रेड्याचा खूर उचलून बघतील.

शेजारी एक सुतार राहायचा. तो बोलायला कमी आणि कामाला पक्का होता. दोघं लहानपणापासूनचे गडी. गाडीचं लाकडी चाक सुतारानं करायचं, त्यावर लोखंडी धाव लोहारानं चढवायची. धाव भट्टीतून लाल होऊन निघाली की दोघं दोन बाजूंनी चिमटे धरून ती चाकावर बसवत आणि वर पाणी ओतत. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडे, त्यामुळे दोस्ती टिकवायला वेगळे कष्ट पडत नसत.

गावाचा धंदाच गाड्या दुरुस्त करण्याचा होता. घाट उतरून आलेली गाडी म्हणजे सासरहून आलेली लेक, काही ना काही गाऱ्हाणं असायचंच. कुणाचा आरा मोडलेला, कुणाचा आस वाकलेला. चाक काढायचं तर भरलेली गाडी आधी उचलायला हवी. त्यासाठी एक लांब वासा साट्याखाली, म्हणजे गाडीच्या लाकडी सांगाड्याखाली, घालायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला गावातल्या गड्यांनी लोंबकळायचं, आणि गाडी वर आली की एकानं खाली शिरून दगडाचा टेकू लावायचा. टेकू नीट बसला की खालच्यानं ‘टेकलं’ म्हणायचं. तो शब्द कानावर येईपर्यंत वाशावरच्यांनी हात ढिला करायचा नाही, हा गावचा नियम होता आणि तो पोरासोरांनाही ठाऊक होता.

एके दिवशी सुतार खाली होता आणि लोहार वाशाच्या अगदी टोकाला, जिथला जोर सगळ्यात जास्त कामी येतो तिथं. नेमका त्याच वेळी रस्त्यानं एक उंट आला. त्या गावानं तोवर उंट पाहिला नव्हता. तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि बसायला लागला. आधी पुढचे गुडघे मुडपले, मग मागचे, मग पुन्हा पुढचे. लोहाराची मान वळली, मागोमाग पायही वळले. एवढं उंच जनावर आपली घडी कशी घालतं, हे बघता बघता त्याचा हात ढिला पडला. गाडी खाली आली आणि सुताराच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडाखाली गेली.

गाव धावलं. लोहारानं सगळ्यांना सांगितलं की वासा निसटला. वासा गुळगुळीत झालेलाच होता, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. सुतारही काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो लोहाराशी बोलेनासा झाला आणि कुठल्याच गाडीखाली शिरेनासा झाला. धाव चढवायला अजूनही दोघं समोरासमोर उभे राहत, पण तोंडातून शब्द नाही. काही सांगायचं झालं तर मध्ये लोहाराची बायको. ती वैतागून म्हणायची की दोन घरांच्या मधे उभी राहून माझा नुसता खांब झालाय.

लोहाराला घास गोड लागेना. त्याला वाटे, माणसाच्या हातावर भरवसाच नको. हात दमतो, मान वळते. लोखंड दमत नाही आणि लोखंडाला उंट बघायची हौस नसते. मग तो एक गाडी उचलायचं यंत्र करायच्या मागे लागला.

बराच खटाटोप करून त्यानं ते केलं. एक जाड लाकडी खोका, त्यात उभी सरकणारी एक लोखंडी कांब. कांबेला एका बाजूनं करवतीसारखे दाते, पण एकेक दाता अंगठ्याएवढा. बाहेर एक लांब दांडा. दांड्याला एक खिटी जोडलेली. दांडा खाली दाबला की ती खिटी दात्याला खालून ढकलून कांब दाताभर वर चढवायची. दांडा पुन्हा वर नेताना कांब खाली येऊ नये म्हणून खोक्याला दुसरी खिटी ठोकलेली, ती पुढच्या दात्यात अडकून बसायची. दाब, टक. दाब, टक. एका दमात गाडी वर जात नसे, पण चढलेलं तसूभरही परत जात नसे. त्यानं त्याला नाव दिलं उचलणी.

पारापुढं लोक जमले. कुंभाराची गाडी रांजणांनी भरलेली होती, तिचं चाक बदलायचं होतं. लोहारानं मोठ्या ऐटीत बायकोला पुढं बोलावलं आणि दांडा तिच्या हाती दिला. तिनं एका हातानं पदर सावरत दुसऱ्या हातानं दांडा दाबत दाबत अख्खी गाडी वर उचलली. लोकांनी तोंडात बोटं घातली. चाक बदललं, आणि मग कुंभारानं विचारलं, “आता खाली?”

लोहारानं खिटीला हात घातला. उचलायचं कसं ह्याचा विचार त्यानं दिवसरात्र केला होता. उतरवायचं कसं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कांब अडवून धरणारी खिटी ओझ्यानं अशी आवळून बसली होती की हातानं हलेना. शेवटी त्यानं तिच्यावर हातोडा घातला. खिटी उडाली, कांब सर्रकन खाली आली, गाडी आदळली, नव्या चाकाचे आरे मोडले आणि रांजणांच्या खापऱ्या पारापर्यंत उडाल्या. नशीब की तेव्हा खाली कुणी नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं बायको म्हणाली. गाव म्हणालं, आपला वासाच बरा. उचलणी भट्टीमागं जाऊन पडली.

पण चौकशीबुवाला आता नवा किडा चावला होता. चढलेली वस्तू उतरते कशी? तो गावभर हिंडून उतरणाऱ्या गोष्टी बघू लागला. झाडावरून उतरणारं माकड बघितलं, पण ते उड्या मारतं, त्याचा उपयोग नाही. भिंतीवरून उतरणारी मांजर बघितली, तिनं शेवटी उडीच घेतली. पतंग उतरवणाऱ्या पोरांना त्यानं इतकं विचारलं की ती पतंग टाकून पळाली. लोक हसायचे, जगाला चढायची घाई आणि ह्याला उतरायची.

असाच तो एका सकाळी विहिरीवर गेला. तिथं सुतार एकटाच बाभळीचा एक जड ओंडका दोरानं विहिरीत सोडत होता. नव्या लाकडाला कीड लागू नये म्हणून सुतार ते पाण्यात भिजत घालतात. एरवी ह्या कामाला दोघं लागत. पण सुतार आताशा कुणाला हाताला बोलवत नसे. लोहार पिंपळामागं उभा राहून बघू लागला.

सुतारानं दोराचा एक वेढा काठावरच्या दगडी खुंटाला घातला होता. एक हात दोरावर घट्ट. दुसरा हात, दोन बोटं नसलेला, दोरावरून वीतभर मागं सरकायचा, तिथं पकड घ्यायचा. ती पकड पक्की झाली की मगच पहिला हात सुटायचा. तेवढा दोर पुढं जायचा. मग पुन्हा तसंच. घाई नाही, हिसका नाही. ओंडका एवढा मोठा, पण पाण्याला टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

लोहार नकळत पुढं आला आणि त्यानं आपला नेहमीचा प्रश्न विचारला, हे तू कसं करतोस? किती तरी दिवसांनी तो सुताराशी बोलला होता. सुतार दोर गुंडाळत राहिला. गुंडाळी खांद्यावर टाकून बोलला.

“एका हातानं धरल्याबिगर दुसऱ्यानं सोडायचं न्हाई. एवढंच हाय त्यात.”

आणि जाता जाता थांबून म्हणाला, “त्या दिवशी गाडीखालनं मला तुझे पाय दिसत हुते. ते उंटाकडं वळले.”

तो निघून गेला. लोहार विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याला वाटत होतं की ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. ज्याची बोटं गेली त्याला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि त्यानं ती गावात बोलून दाखवली नव्हती. लोहाराला इतकी लाज वाटली की पाणी भरायला आलेल्या बायकांनी हटकलं तेव्हाही त्याला उठवेना.

घरी येऊन त्यानं उचलणी पुन्हा बाहेर काढली. आता दोन्ही खिट्यांच्या मधे त्यानं एक लहानशी पट्टी बसवली, अशी की एका खिटीनं भार घेतल्याशिवाय दुसरी सुटायचीच नाही. चढताना तसं आणि उतरतानाही तसंच. हातोड्याचं काम उरलं नाही. पण उतरवताना दर दात्याला क्षणभर सगळं ओझं दांड्यावरच्या हातावर यायचं. खोका मात्र आधीच्या आदळण्यानं तडकला होता. बायकोनं काही न विचारता सुताराकडून बाभळीचा नवा खोका करून आणला. सुतारानंही तो कशाला हवा हे विचारलं नाही, पण खोका चोख होता.

नंतर काही दिवसांनी घाटातल्या शेवटच्या वळणावर एक गाडी अडली. देवळाच्या दीपमाळेसाठी आणलेला भला मोठा दगड तिच्यावर होता आणि आस मधोमध मोडला होता. मागं गाड्यांची रांग लागली. गाडी उचलून नवा आस घालायचा, आणि गाडी खाली येताना तो नेमका खाचेत बसतोय की नाही हे बघायला कुणाला तरी साट्याखाली आडवं पडून आस हातानं धरून ठेवावा लागणार होता. एवढ्या दगडाखाली जायला कुणी तयार होईना. गाडीवान म्हणाला वासा आणा. लोक म्हणाले वासा मोडेल. कुणी तरी उचलणीचं नाव काढलं तेव्हा कुंभार म्हणाला की आधी माझे रांजण आठवा.

लोहार उचलणी खांद्यावर घेऊन पुढं आला. ती त्यानं साट्याखाली बसवली, आणि मग सगळ्यांसमोर, गर्दीत उभ्या असलेल्या सुताराकडं वळून म्हणाला, “त्या दिवशी वासा निसटला नव्हता. मी उंट बघत हुतो. माझ्यामुळं तुझी बोटं गेली, आणि मी गावाशी खोटं बोललो.”

त्यानं उचलणीचा दांडा सुताराच्या बाजूला वळवला.

“आता खाली मी जातो,” लोहार म्हणाला. “दांडा तू धर.”

त्याची बायको दोन पावलं पुढं आली. ज्याचा हात ह्यानं अधू केला त्याच्याच हातात हा आपला जीव देत होता. सुतारानं लोहाराकडं बघितलं, मग दांड्याकडं. त्यानं तळहातावर थुंकून दांडा धरला.

दाब, टक. दाब, टक. दगडासकट गाडी वर चढली. लोहार खाली सरपटत शिरला, मोडका आस काढला, नवा चाकांत घातला आणि तो खाचेखाली धरून उताणा पडला. नाकापासून वीतभर अंतरावर साटा, आणि साट्यावर दीपमाळेचा दगड. सुतार उतरवू लागला. एक खिटी धरायची, मग दुसरी सुटायची. गाडी दाता दाता खाली येऊ लागली.

आणि तेवढ्यात घाटातून घंटा वाजू लागली. कुठल्याशा सरदाराचा हत्ती खाली येत होता, अंगावर झूल, कपाळावर रंग. त्या गावानं हत्तीही कधी पाहिला नव्हता. सगळ्या माना एकदम वळल्या. गाडीवान वळला, कुंभार वळला, लोहाराची बायकोसुद्धा क्षणभर वळली. हत्ती अगदी गाडीच्या शेजारून गेला, त्याच्या पावलांनी धुरळा उडाला.

गाडीखाली लोहाराला धुरळ्यात मोठाले गोल पाय दिसले. त्याला राहवेना. “काय चाललंय रे हे?” त्यानं विचारलं.

“टेकल्यावर सांगतो,” सुतार म्हणाला. त्याची नजर दात्यावर होती आणि तिथंच राहिली.

टक. टक. आस खाचेत बसला. साट्याचा भार चाकांनी घेतला. गाडीखालून आवाज आला, “टेकलं.” मगच सुतारानं दांडा सोडला, खाली वाकून आपला दोन बोटं नसलेला हात पुढं केला आणि लोहाराला ओढून बाहेर काढला.

तोवर हत्ती वळणापलीकडं गेला होता. दोघं धावले, पण रस्त्यावर परातीएवढाल्या पावलांशिवाय काही उरलं नव्हतं. लोहार एका पावलाशेजारी उकिडवा बसला आणि विचारू लागला की एवढं जनावर बसत कसं असेल. आधी पुढचे गुडघे की मागचे?

“म्या तरी कुठं बघितला?” सुतार म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला. मागं गाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवान हाका मारत होता, आणि हे दोघं हत्तीच्या पावलात हात घालून त्याची खोली मोजत होते. लोहाराची बायको लांबूनच म्हणाली, सुटले बाई, खांबाचं काम संपलं.

त्या गावात पुढं घरोघरी उचलणी झाली. पण दांडा कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना लोक अजून एवढंच विचारतात की हत्ती आला तर ह्याची मान वळेल का.

तात्पर्य: ओझं उचलताना बघे टाळ्या वाजवतात, पण माणसाची परीक्षा ते उतरवताना होते, आणि ज्याच्या खाली कुणाचा तरी जीव आहे ते ओझं, दुसऱ्यानं धरल्याची खात्री झाल्यावाचून सोडू नये.