घासून आणलेले पाय

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे शहाणे कधीच मातीत गेले, पण त्यांच्यासारखे अजून संपलेले नाहीत, म्हणून सांगायची. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

नदीकाठी एक गाव होतं. गावात पांढरंशुभ्र चर्च होतं आणि त्या चर्चची एक रीत होती. दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी बारा चौरंग मांडायचे. त्यावर मंडळीचे बारा पंच बसायचे आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. प्रभूनं आपल्या शिष्यांचे धुतले होते, तसे.

आता पंचांची करामत ऐका. तीन दिवस आधीपासून ते घरी वजरीनं पाय घासायचे, वर खोबरेल चोळायचे. गुरुवारी बैलगाडीतून यायचे, वाटेत धूळ लागू नये म्हणून. पाय धुऊन झाले तरी परातीतलं पाणी जसंच्या तसं!

थोरले पंच ती परात उचलून लोकांना दाखवायचे. "बघा, पाणीसुद्धा गढुळलं नाही!"

लोक माना डोलवायचे. धुतलेलेच पाय पुन्हा कशाला धुता, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्याच गावात राहेल नावाची चुनेवाली होती. नदीतले चुनखडे वेचायचे, भट्टीत भाजायचे आणि दरवर्षी चर्चच्या भिंतींना चुना लावायचा, हे तिचं काम. सात वर्षांपूर्वी प्रभुभोजनाचा, म्हणजे ज्यातून सगळी मंडळी द्राक्षारसाचा घोट घ्यायची तो, चांदीचा प्याला नाहीसा झाला. त्या आठवड्यात राहेल आत चुना लावत होती. थोरल्या पंचांनी बोट दाखवलं, बाकीच्या अकरांनी मान हलवली. ना चौकशी, ना पुरावा. तेव्हापासून राहेल चर्चबाहेर, खिडकीखाली बसून गीतं म्हणायची.

आता तिच्या मुलीचं, मार्थाचं, लग्न ठरलं होतं. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी. चर्चमध्ये लागलं तरच लग्न, नाहीतर सोयरीक मोडली, असं मुलाकडच्यांनी बजावलं होतं. राहेल पंचांकडे गेली.

"चोरी कबूल कर," थोरले पंच म्हणाले. "आम्ही मोठ्या मनानं क्षमा करू. मग खुशाल लाव पोरीचं लग्न."

"न केलेली चोरी कशी कबूल करू, दादा?"

"मग बस घरी पोरीला घेऊन."

दुसऱ्या दिवशी राहेल नदीत खडे वेचत होती. उन्हानं पाणी आटलं होतं. वाळूत काहीतरी रुतलेलं दिसलं. उकरलं, तर तांब्याचा डबा. उघडला, तर आत चांदीचा प्याला! आणि डब्याच्या झाकणावर ठळक कोरलेलं नाव होतं थोरल्या पंचांचं.

"गुरुवारी सगळ्यांसमोर आपटते हा डबा," राहेल म्हणाली.

"आपट, आई," मार्था म्हणाली. "जोरात आपट."

गुरुवारी पदराखाली डबा घेऊन राहेल चर्चच्या दारात उभी राहिली. आत वेगळाच घोळ चालला होता. म्हाताऱ्या पाळकांचे गुडघे आखडले होते, खाली बसवेना.

"बाबांनो, आज तुमच्यातल्या कुणीतरी परात धरा," ते म्हणाले.

एकाची कंबर धरली होती. दुसऱ्याचं धोतर नवं होतं. तिसरा म्हणाला, मला कालच नातू झाला. नातवाचा आणि गुडघ्याचा काय संबंध, ते त्यालाच ठाऊक. चौरंगावर बसायला बाराच्या बारा, वाकायला एकही नाही.

थोरल्या पंचांची नजर दाराकडे गेली. "ती बघा चुनेवाली! भिंतीखाली रांगायची सवय आहे तिला. ये गं, धू!"

लोक हसले. राहेल सात वर्षांनी आत आली. बरंच झालं, तिला वाटलं, जवळ जाऊनच आपटते.

अकरा जणांचे पाय धुऊन झाले. सगळे मुळ्यासारखे तुळतुळीत. मग थोरल्या पंचांचे पाय तिच्या हातात आले आणि ती थबकली. टाचांची सालटी निघाली होती. वजरीनं घासून घासून रक्त आलं होतं. तिनं वर पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

राहेलला कळलं. हा माणूस पाय घासतच नव्हता. सात वर्षं तो दुसरंच काहीतरी घासत होता आणि ते निघत नव्हतं.

तिचा एक हात डब्यावर होता. खिडकीतून मार्था बघत होती. राग तर सात वर्षांचा, आणि खराच होता. राहेलनं डबा बाहेर काढला, पाय पुसायच्या पंच्याखाली झाकला आणि थोरल्या पंचांच्या मांडीवर ठेवला. मग हलक्या हातानं त्यांच्या टाचा धुतल्या.

"दादा, नदीनं परत दिलंय," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. मी क्षमा केली."

"आणि... पोरीचं लग्न?"

"देव बघेल. पण असल्या टाचांवर तुम्ही उभं तरी कसं राहता हो?"

थोरल्या पंचांनी पंच्याखाली हात घातला. बोटांना आपलंच नाव लागलं. डबा लपवायला पंचा होता, घरी न्यायला बैलगाडी होती.

ते उभे राहिले. पंचा गळून पडला.

"वाचा हे नाव!" त्यांनी डबा उंच धरला. "नदीपलीकडच्या व्याह्यांसमोर मिरवायला प्याला मी नेला. येताना नावेतून पडला. आळ हिच्यावर घातला. चोर मी आहे!"

मग ते खाली उतरले. "राहेलबाई, चौरंगावर बसा."

राहेल बसली. तिचे पाय चुन्यानं खाल्लेले, भेगाभेगांनी फाटलेले. थोरल्या पंचांनी ते पाण्यात धरले आणि परातीतलं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. त्या गावात पहिल्यांदाच.

"आज परातीनं काम केलं," पाळक म्हणाले.

गाव उभं राहून गाऊ लागलं. अकरा पंचांनी आपले तुळतुळीत पाय चौरंगाखाली ओढून घेतले.

बाहेर मार्थानं आईला गाठलं. "आई, आपटला का नाहीस?"

"आपटला की," राहेल म्हणाली. "आवाज नाही झाला, एवढंच."

सोमवारी घंटा घणघणली. मार्थाचं लग्न चर्चमध्ये लागलं. त्याच प्याल्यातून पहिला घोट राहेलनं घेतला. आणि दारात थोरले पंच परात घेऊन बसले होते. धुळीचे, चिखलाचे, शेणाचे, येईल त्या वऱ्हाड्याचे पाय ते धुवत होते. पुढच्या वर्षीच्या गुरुवारपासून बाराही पंच अनवाणी, चालत येऊ लागले. परातीतलं पाणी जितकं गढूळ, तितकी गावाची मान वर.

लक्षात ठेवा: क्षमा चौरंगावर बसून वाटता येत नाही, ती द्यायची असो की घ्यायची, आधी गुडघे टेकावे लागतात.