कड्याचे सात आवाज

डोंगरांना वाचा होती त्या काळी एक कडा साधं बोलणं एकदा घुमवायचा, चुरचुरीत मात्र सातदा. त्यामुळे गर्दी जमायची.

एकदा कोल्हा ओरडला, “साळू सायाळ अंडी चोरते!” कड्याने ते सातदा घुमवलं. पाखरं साळूला पिल्लांसकट रानाबाहेर हाकलू लागली.

“कडेराव, मी कंदमुळं खाते हो!”

“बाई, बोलला कोल्हा. मी नुसता दगड!”

साळू खुदकन हसली आणि ओरडली, “कडा कोसळतोय!”

सवयीने कड्याने तेही सातदा घुमवलं. पाखरं, माकडं, खुद्द कोल्हा, सगळे धूम पळाले.

“थांबा रे, खोटं आहे ते! साळू, काय केलंस हे?”

“मी एकदाच ओरडले, कडेराव. उरलेले सात कुणाचे?”

मग कडा कुणी न ओरडताच गरजला, “साळू चोर नाही!” त्याने तेही सातदा घुमवलं. आठव्यांदा ऐकल्यावर पाखरं परतली आणि त्यांनी साळूला रानात राहू दिलं.