कदंबाचं ताट

फार पूर्वी एका बागेतल्या कदंबाची पानं फिकट पडू लागली. खताचं पोतं फुगून म्हणालं, "ओता मला बुंध्याशी! आठवड्यात हिरवागार झालाच म्हणून समजा."

"अरे, आधी त्याला विचारा तरी," मातीतलं गांडूळ चिडलं.

कदंब म्हणाला, "भूक लागलीय खरी. पण माझं जेवण मी स्वतःच खाली टाकतो की! ते जातं कुठे?"

रोज सकाळी बाग लख्ख करणारा खराटा ओशाळला. "मला तो कचरा वाटायचा."

त्या दिवसापासून खराटा सगळा पाचोळा कदंबाच्या बुंध्याभोवतीच लोटू लागला.

"आणि मी?" पोत्यानं विचारलं.

"एवढ्यानं भूक भागली नाही, तर हाक मारू," गांडूळ म्हणालं.

पुढच्या पावसाळ्यात कदंब तजेलदार हिरवा झाला. वाऱ्यानं त्याचं एक जून पान वाटेवर पडलं. खराट्यानं ते अलगद सरकवत त्याच्या ताटात वाढलं.