साळिंदर सरांची सही

जंगलात विद्यापीठ होतं तेव्हाची गोष्ट. सुगरण गाठींवर संशोधन करायची, गांडूळ मातीवर आणि मुंगी नदीच्या पुरावर. यंदा पाणी बिळांत शिरणार, असं मुंगीनं लिहिलं होतं. पण साळिंदर सरांच्या सहीशिवाय कुणी बिळं सोडायला तयार नव्हतं.

"पाणी हा बेडकांचा विषय," सर चौथ्यांदा म्हणाले. "तू साखरेवर लिही, बाळ. हा प्रबंध राहू दे इथंच, सवडीनं बघतो."

मुंगी दमली होती. पाचव्यांदा लिहायच्या ऐवजी तिनं अंडी उचलली आणि अख्खं वारूळ टेकडीवर हलवलं.

आठवड्यात पूर आला. भिजलेले सर धापा टाकत टेकडीवर पोचले.

"अगं, आण तो प्रबंध! आत्ता सही करतो."

"सर," मुंगी थकून म्हणाली, "तो तुमच्याच बिळात आहे."